दांडी सोडली, तरी कॅमेरा थांबेना

गावाबाहेरच्या एका निवासी शाळेच्या आवारातून बांधकामाच्या सळया चोरीला गेल्या. आवारात सहा फिरते कॅमेरे आहेत. ते फिरवण्याचा कीपॅड फाटकाजवळच्या खोलीत, रात्रपाळीच्या रखवालदाराच्या टेबलावर असतो. चोरी झाली त्या रात्री बांधकामाकडचा सहा नंबरचा कॅमेरा जवळजवळ चाळीस मिनिटे वसतिगृहाच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत होता. चित्रण तपासले तेव्हा दिसले, की कॅमेरा एकाच संथ वेगाने फिरत गेला, त्याच्या फिरण्याची हद्द संपली तिथे अडला आणि तिथेच राहिला. कीपॅड एकच आणि त्याच्यापुढे बसणारा माणूसही एकच. त्यामुळे कॅमेरा कोणी वळवला याबद्दल कोणाला शंका उरली नाही. रखवालदाराला नोटीस मिळाली. सगळी शाळा त्यांना मामा म्हणते. मामांचे म्हणणे एवढेच होते : "कॅमेरा मीच फिरवला. तिकडे उजेड दिसला म्हणून थोडा उजवीकडे घेतला. तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला, मी दांडी सोडून बाहेर गेलो. दांडी सोडली होती मी. तो थांबलाच नाही."

कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ येऊन गेला. त्याने सगळ्या तारा मल्टिमीटरने तपासल्या. एकही तुटलेली नव्हती. दिवसभर कॅमेरे हवे तसे फिरत आणि हवे तिथे थांबत होते. झाले, मामा खोटे ठरले.

या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका माझ्या परिचयाच्या. त्यांनी फोनवर मला एकच प्रश्न विचारला : "दांडी सोडली की कॅमेरा थांबतो, म्हणजे नेमके काय होते?" एवढा नेमका प्रश्न आमच्या प्रयोगशाळेतही क्वचितच ऐकू येतो. या प्रश्नाच्या उत्तरासाठी मला त्या शाळेत दोन दिवस आणि एक रात्र काढावी लागली. त्यातून जे हाती आले ते इथे मांडत आहे. यातला बराच भाग आठवी-नववीच्या वर्गात करून दाखवता येण्याजोगा आहे.

बटण आणि निरोप

आपली समजूत घरातल्या घंटीच्या बटणावर बेतलेली असते. बटण दाबले की मंडल पूर्ण होते, प्रवाह वाहतो, घंटी वाजते. बोट उचलले की मंडल तुटते, प्रवाह थांबतो, घंटीही थांबते. सुरुवातीच्या काळातले फिरते कॅमेरे असेच चालत. डावीकडे फिरवायला एक तार, उजवीकडे फिरवायला दुसरी, वर, खाली, चित्र जवळ आणणे, लांब नेणे, स्पष्ट करणे, प्रत्येकाला वेगळी तार. एका कॅमेऱ्याला बारा-पंधरा तारांचा जाडजूड दोर न्यावा लागे. सहा कॅमेरे म्हणजे असे सहा दोर. पण त्या पद्धतीत बोट उचलल्यावर कॅमेऱ्याची मोटर थांबणार हे नक्की, कारण तिची वीजच बंद होते.

या शाळेतल्या कीपॅडपासून मात्र सहाही कॅमेऱ्यांना मिळून दोनच तारा गेल्या आहेत. या तारांतून मोटरला लागणारी वीज जात नाही. ती कॅमेऱ्याला जागेवरच वेगळी दिलेली असते. दोन तारांतून जातात ते फक्त निरोप. दांडी उजवीकडे कलली, की कीपॅड "सहा नंबर, उजवीकडे फीर" असा निरोप पाठवतो. दांडी सोडली, की "सहा नंबर, थांब" असा दुसरा निरोप पाठवतो. कॅमेरा थांबतो तो दांडी सोडल्यामुळे नव्हे, तर 'थांब' हा निरोप पोहोचल्यामुळे. तो पोहोचलाच नाही तर कॅमेरा फिरतच राहील. काही कॅमेऱ्यांत ठरावीक वेळ नवा निरोप आला नाही तर आपोआप थांबण्याची सोय असते. या शाळेतल्या कॅमेऱ्यांत ती नव्हती.

म्हणजे मामा म्हणत होते ते घडू शकते, एवढे तर तत्त्वतः सिद्ध झाले. ते खरोखर घडले का, हे पाहायचे तर निरोपाचे अंतरंग उघडावे लागते.

सात आकड्यांची चिठ्ठी

फिरत्या कॅमेऱ्यांच्या जगात 'पेल्को-डी' नावाची निरोपांची एक भाषा फार प्रचलित आहे. पेल्को ही अमेरिकी कंपनी; तिची ही भाषा पुढे इतर अनेक उत्पादकांनीही उचलली. या भाषेतला प्रत्येक निरोप म्हणजे सात आकडे. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान, म्हणजे आठ बिटांत मावणारा. "सहा नंबरच्या कॅमेऱ्या, मध्यम वेगाने उजवीकडे फीर" हा निरोप असा लिहितात :

२५५, ६, ०, २, ३२, ०, ४०

पहिला २५५ म्हणजे "ऐका हो ऐका". द्विमान पद्धतीत तो आठ एकांचा बनतो. दुसरा आकडा कॅमेऱ्याचा नंबर. तारा सगळ्यांना सामाईक असल्याने निरोप सहाही कॅमेऱ्यांना ऐकू जातो, पण आपला नंबर असेल तोच तो पाळतो. तिसरा आणि चौथा आकडा काय करायचे ते सांगतात, पाचवा आडव्या फिरण्याचा वेग सांगतो, सहावा उभ्या फिरण्याचा.

चौथ्या आकड्याची गंमत मुलांना जरूर दाखवावी. उजवीकडे म्हणजे २, डावीकडे ४, वर ८, खाली १६, चित्र जवळ आण ३२, लांब ने ६४. सगळे दोनाचे घात. म्हणून उजवीकडे आणि वर असे एकदम सांगायचे असेल तर नुसते १० लिहिले की पुरते. दहा ही बेरीज या आकड्यांतून दुसऱ्या कोणत्याही प्रकारे होत नाही, त्यामुळे गोंधळाला वावच नाही. कॅमेऱ्याच्या पोटात नंबर ठरवण्यासाठी छोट्या खटक्यांची एक रांग असते, तीही याच तत्त्वावर चालते. पहिल्या खटक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४. सहा नंबर हवा तर दुसरा आणि तिसरा खटका वर करायचा. दोन कॅमेऱ्यांना चुकून एकच नंबर दिला गेला तर ते दोघे कवायतीतल्या मुलांसारखे एकदम माना वळवतात.

शेवटचा, सातवा आकडा म्हणजे पडताळा. पहिला २५५ सोडून मधल्या पाच आकड्यांची बेरीज. ६ + ० + २ + ३२ + ० = ४०. (बेरीज २५५ च्या वर गेली तर त्यातून २५६ वजा करतात.) निरोप घेणारा कॅमेरा ही बेरीज स्वतः करून पाहतो. जुळली नाही तर निरोप वाटेत बिघडला असे समजून तो सरळ टाकून देतो. पुन्हा पाठव, असेही म्हणत नाही. आमच्या जोडणीत कीपॅडने बोलायचे आणि कॅमेऱ्यांनी ऐकायचे, एवढाच व्यवहार आहे.

वर्गात हा खेळ छान रंगतो. एका मुलाने सात आकडे चिठ्ठीवर लिहायचे, दुसऱ्याने वाटेत एखादा आकडा बदलायचा, तिसऱ्याने बेरीज करून चिठ्ठी ठेवायची की फाडायची ते ठरवायचे. एखादा चलाख विद्यार्थी चौथा आणि पाचवा आकडा आपसांत बदलेल. बेरीज तीच येईल आणि "उजवीकडे फीर" चे "चित्र जवळ आण" होईल! साध्या बेरजेची ही उणीव खरीच आहे. निसर्ग मात्र आकड्यांची अशी अदलाबदल करत नाही. तो एखाददुसरा बिट उलटवतो, आणि एक उलटलेला बिट बेरजेत हटकून सापडतो.

आता 'थांब' चा निरोप पाहा : २५५, ६, ०, ०, ०, ०, ६. प्रत्येक आकड्याबरोबर सुरुवात आणि शेवट दाखवणारा एकेक बिट जातो. म्हणजे एकूण सात गुणिले दहा, सत्तर बिट. शाळेतली जोडणी सेकंदाला २४०० बिट या वेगावर लावलेली होती. त्यामुळे निरोपाला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. या सत्तर बिटांपैकी एक जरी बिघडला, तरी 'थांब' कचऱ्यात जातो.

इथे एक असमानता आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे. दांडी हाताने कलवताना ती एकदम एका जागी स्थिर होत नाही. ती जरा जरा सरकते, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर वेग बदलल्याचा नवा निरोप जातो. कॅमेरा हलवताना आपण नकळत "फीर, फीर, फीर" असे आठ-दहा वेळा म्हणतो. त्यातले निम्मे वाया गेले तरी कॅमेरा फिरू लागतो. दांडी सोडल्यावर मात्र ती स्प्रिंगने झटकन मधोमध येते, आणि हा कीपॅड 'थांब' एकदाच म्हणतो. वाटेत निरोप गळत असतील तर ती गळती सुरुवात करताना कळणारच नाही. कळेल ती फक्त थांबताना.

उलट, कोणीही दांडीला हात न लावता कॅमेरा आपोआप फिरू लागला असेल का? काही शिक्षकांना तसे वाटत होते. पण वाटेतल्या निव्वळ गोंधळातून आधी २५५, मग ६ आणि शेवटी जुळणारी बेरीज तयार व्हायला हवी. तीन आकडे योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता २५६ x २५६ x २५६ मध्ये एक, म्हणजे दीड कोटीहून अधिक वेळांत एकदा. तेव्हा भुताटकी बाद. कॅमेरा मामांनीच सुरू केला, आणि हे तर ते पहिल्यापासून सांगत होते.

दोन तारा आणि पारडी

निरोप कोणत्या तारांवरून जातात याचेही एक प्रमाण ठरलेले आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेले आरएस-४८५. कॅमेऱ्यांच्या कीपॅडखेरीज कारखान्यांतली यंत्रे, विजेचे मीटर, सौर ऊर्जेचे इन्व्हर्टर अशा कितीतरी ठिकाणी आजही ते वापरले जाते. नवे कॅमेरे आता संगणकांच्या जाळ्याला जोडले जातात आणि त्यांचे कीपॅडही. पण आधी बसवलेल्या हजारो आवारांत ही दोन तारांची जोडणी नांदते आहे.

तिची युक्ती सोपी आहे. शून्य आणि एक यांतला फरक एका तारेच्या जमिनीसापेक्ष विभवावरून ठरवायचा नाही, तर दोन तारांमधल्या विभवांतरावरून ठरवायचा. पहिली तार दुसरीपेक्षा वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. वाटेत शेजारच्या विजेच्या तारेने दोन्ही तारांना सारखाच धक्का दिला, तर दोन्ही सारख्याच वर उचलल्या जातील आणि त्यांच्यातला फरक तोच राहील. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसेच.

पण धूळ सारखी पडायला हवी ना! एक तार पंपाच्या तारेला जराशी जवळ आणि दुसरी जराशी दूर असेल, तर धक्का कमीअधिक बसेल. शिवाय दोन समांतर तारा म्हणजे एक लांबट वेटोळे. त्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र गेले की फॅरडेच्या नियमानुसार विभवांतर निर्माण होणारच. यावर उपाय म्हणजे दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देणे. मग एका मोठ्या वेटोळ्याऐवजी असंख्य छोटी वेटोळी तयार होतात, आणि शेजारशेजारच्या दोन वेटोळ्यांत निर्माण होणारी विभवांतरे उलट दिशांची असल्याने एकमेकांना खोडून काढतात. ही कल्पना बरीच जुनी आहे. टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तिचे पेटंट १८८१ मध्येच घेतले होते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे दाखवता येते. जाड तारेची एक मोठी कुंडली करून ती बटणामार्फत बॅटरीला जोडा. बारीक तारेचे वीस-पंचवीस वेढ्यांचे कडे करून त्या कुंडलीच्या आत ठेवा आणि त्याची टोके गॅल्व्हनोमीटरला जोडा. बटण दाबताना आणि सोडताना काटा उडेल. आता तेच कडे मधोमध पिळून मराठी चारच्या आकड्यासारखे दोन फासे करा, दोन्ही फासे शक्य तितके सारखे. पुन्हा बटण दाबा. काटा जेमतेम हलेल.

शाळेतल्या आवारात जी केबल वापरली होती ती संगणकांच्या जाळ्याची, आठ तारांची. तिच्यात पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. नारिंगी तारेला पांढरी-नारिंगी गुंडाळलेली, हिरवीला पांढरी-हिरवी, तसेच निळी आणि तपकिरी. या कामाला केबल चांगली होती. फाटकाजवळच्या जोडणीची डबी उघडली तेव्हा कीपॅडच्या एका टोकाला नारिंगी तार होती आणि दुसऱ्या टोकाला हिरवी. पुढच्या प्रत्येक डबीत तेच. नारिंगीला नारिंगी, हिरवीला हिरवी, अगदी नीटनेटके काम.

दोष नेमका इथेच होता. नारिंगीचा पीळ पांढऱ्या-नारिंगीशी आहे आणि हिरवीचा पांढऱ्या-हिरवीशी. नारिंगी आणि हिरवी यांना एकमेकींभोवती पीळ नाहीच. तीनशे मीटर लांबीची पीळदार केबल घालूनही निरोप बिनपिळाच्या जोडीवरून चालले होते. मल्टिमीटरला यातले काही कळत नाही. तो दोन टोकांमध्ये धातू सलग आहे का एवढेच सांगतो. तार कोणाच्या गळ्यात गळा घालून गेली आहे, हे तो सांगत नाही. तंत्रज्ञाला मी फार दोष देणार नाही. अर्ध्या उजेडात शिडीवर उभे राहून काम करताना पांढऱ्या पट्ट्यांच्या चार तारा एकमेकींसारख्याच दिसतात, आणि पूर्ण रंगाच्या तारा निवडणे कोणालाही शहाणपणाचे वाटेल. जोडीने जोडावे, रंगाने नव्हे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

रात्रीच का? कारण केबल ज्या चरातून जाते, त्याच चरातून बोअरवेलच्या पंपाची तारही सुमारे सत्तर मीटर बरोबरीने जाते. पंपाला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला आहे. असा ड्राइव्ह वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, आणि प्रत्येक तोडजोडीबरोबर आजूबाजूला टोकदार झटके फेकतो. या भागात थ्री-फेज वीज त्या आठवड्यात रात्री येत होती. म्हणून पंप रात्री चाले. तंत्रज्ञ तपासायला आला तो दिवसा.

शेवटचा रोध

एवढ्यावरच मी थांबलो असतो, पण शंका होती. पीळ नसला तरी कीपॅडचा संकेत दणकट असेल तर झटक्यांनी तो सहसा बुजत नाही. आरएस-४८५ प्रमाणे योग्य भारावर पाठवणाऱ्याने निदान १.५ व्होल्टचे विभवांतर द्यायला हवे, आणि घेणाऱ्याला ०.२ व्होल्टही पुरते. मध्ये भरपूर जागा आहे. ती कुठे गेली?

कीपॅड आणि कॅमेरे बंद करून मी कीपॅडच्या टोकाशी दोन तारांमधला रोध मोजला. सुमारे ३० ओहम. तो ७० च्या आसपास यायला हवा होता.

याचे कारण समजून घ्यायला दोरीचा प्रयोग आठवा. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिला की लहर भिंतीपर्यंत जाते आणि उलटी होऊन परत येते. टोक मोकळे असेल तर ती सुलटीच परत येते. तारेतून जाणारा संकेत हीदेखील लहरच आहे. पीळदार जोडीतून जाताना तिच्यातल्या विभवांतराचे आणि प्रवाहाचे गुणोत्तर ठरलेले असते, जोडीच्या प्रकाराप्रमाणे साधारण १०० ते १२० ओहम. ते तारेच्या लांबीवर अवलंबून नसते. तार संपते तिथे दोन तारांमध्ये तेवढाच रोध लावला, तर लहरीच्या दृष्टीने तार पुढे चालूच राहते आणि ती परत फिरत नाही. म्हणून माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावावा, असे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेले असते. बहुतेक कॅमेऱ्यांत तो आतच बसवलेला असतो, एक खटका वर केला की तो तारांना जोडला जातो.

शाळेतल्या सहाच्या सहा कॅमेऱ्यांत हा खटका वर होता, आणि कीपॅडमध्येही. चांगली गोष्ट आहे ना, मग सगळीकडेच असू द्या! मिठाच्या बाबतीत आपण असे करत नाही.

हिशोब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध १०० मीटरला सुमारे १७.५ ओहम. कॅमेरे पन्नास-पन्नास मीटरवर आहेत असे धरा, म्हणजे दर टप्प्याला ८.७५ ओहम. शेवटच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करा. तिथे १२०. त्यात टप्प्याचे ८.७५ मिळवा, त्याला पाचव्या कॅमेऱ्याचे १२० समांतर जोडा, ६२ येतात. असेच मागे मागे येत कीपॅडपर्यंत पोहोचलात, की उत्तर ३० ओहमच्या अगदी जवळ येते. आणि त्याच वेळी कळते, की कीपॅडपाशी जे विभवांतर असेल त्याचा फक्त एकतृतीयांश सहाव्या कॅमेऱ्याला मिळतो. ऑसिलोस्कोप लावून पाहिले तर तेच दिसले. जड भारामुळे कीपॅडपाशीच १.२ व्होल्ट उरले होते आणि सहाव्या कॅमेऱ्यापाशी ०.४. पंप चालू केला की त्यावर झटक्यांची काटेरी झुडपे उगवत. पहिल्या-दुसऱ्या कॅमेऱ्याला याचा त्रास का होत नव्हता, हेही इथे उलगडते.

आता थोडे अवांतर, पण महत्त्वाचे. परत फिरणाऱ्या लहरींचा धोका या जोडणीत खरोखर किती होता? तारेतून संकेत सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. तीनशे मीटर जाऊन परत यायला त्याला ३ मायक्रोसेकंद लागतात. इथे एक बिट मात्र ४१७ मायक्रोसेकंद टिकतो, आणि कॅमेरा त्याच्या मधोमध डोकावून पाहतो. तोपर्यंत लहरी आपटून, विरून शांत झालेल्या असतात. म्हणजे या संथ जोडणीत टोकाचे रोध अजिबात नसते, तरी बहुधा चालले असते! नाट्यगृहातले दिवे नियंत्रित करणारी डीएमएक्स नावाची पद्धत याच आरएस-४८५ वर चालते. पण तिथे सेकंदाला अडीच लाख बिट जातात, एक बिट फक्त ४ मायक्रोसेकंदांचा. तिथे ३ मायक्रोसेकंदांनी परत येणारी लहर बिट बिघडवू शकते आणि शेवटचा रोध अत्यावश्यक ठरतो. नियम दोन्हीकडे एकच छापलेला असतो. त्यामागचा आकडा पाहिला नाही, तर वेगवान तारेचे औषध संथ तारेला सहापट पाजले जाते.

मी दोन टोकांचे दोन रोध तसेच ठेवले. थोडा भार असलेल्या तारेवर बाहेरचे झटके कमी उमटतात, आणि पुढे कोणी वेग वाढवला तर अडचण नको. मधल्या पाच कॅमेऱ्यांचे खटके खाली केले. रोध ७० ओहम झाला. कीपॅडपाशी २ व्होल्ट, सहाव्या कॅमेऱ्यापाशी १.४.

चाचणी

दुरुस्तीच्या आदल्या रात्री आम्ही एक साधी चाचणी केली होती. मामा कीपॅडवर, शिक्षिका वही घेऊन शेजारी, मी पडद्यापुढे. सहा नंबरचा कॅमेरा पन्नास वेळा हलवून सोडायचा. पंप बंद असताना तो पन्नासही वेळा थांबला. पंप चालू असताना अकरा वेळा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी आधी फक्त तारांच्या जोड्या बदलल्या आणि पंप चालू ठेवून पुन्हा पन्नास वेळा पाहिले : दोनदा चुकला. मग खटके खाली केले : एकदाही नाही. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या असत्या तर कोणत्या दोषाचा वाटा किती, ते कळले नसते. शिक्षिकांनी ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. नोटीस मागे घेतली गेली.

ज्यांच्या शाळेत असे कॅमेरे बसवायचे आहेत किंवा बसवून झाले आहेत, त्यांच्यासाठी आणखी काही. तार एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी माळेसारखी न्यावी. एका डबीतून चहूकडे फाटे फोडू नयेत. फाटे फुटले की टोके कोणती, हेच ठरवता येत नाही. विजेच्या तारेबरोबर एकाच चरात ही केबल घालू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. दोन तारांची नावे कोणी 'ए' आणि 'बी' लिहितो, कोणी 'अधिक' आणि 'उणे', आणि सगळ्या उत्पादकांची 'ए' एकच नसते. एखादा कॅमेरा अजिबात दाद देत नसेल तर त्याच्यापाशी दोन तारा आलटून पाहाव्यात, त्याने काही जळत नाही. कॅमेरे वेगवेगळ्या इमारतींवर असतील तर केबलमधली तिसरी तार सर्वांची सामाईक जमीन म्हणून जोडावी, कारण दोन तारांनी मिळून वर-खाली होण्यालाही मर्यादा आहे. उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट यांच्या बाहेर ही जोडी गेली की घेणारा गोंधळतो, आणि फारच बाहेर गेली तर जळतो. वळवाच्या विजांत कॅमेरे का जातात, याचे एक कारण हे आहे.

या शाळेत पंपाची तार अजून त्याच चरात आहे. चर उकरण्याचा खर्च मोठा. जोडणीच्या प्रत्येक डबीच्या झाकणाला आतून नववीच्या मुलांनी काढलेले रंगीत चित्र चिकटवले आहे, नारिंगीबरोबर पांढरी-नारिंगी. मामा अजूनही रात्री दांडी सोडल्यावर ती एकदा हलकेच टिचकी मारून पुन्हा सोडतात आणि पडद्याकडे पाहूनच फाटकाकडे जातात. त्या टिचकीने 'थांब' चा निरोप दुसऱ्यांदा जातो, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. त्यांनी ते आपले आपणच शोधून काढले आहे.